वॅट वॅट काय करता?

ठाण्यात होम थिएटरचे स्पीकर घ्यायला कुठल्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचे दाखवू साहेब?" अरे, आधी सेन्सिटिव्हिटी सांग ना, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते! ८४ डेसिबलवाल्याला ९०वाल्याइतकं मोठ्याने वाजायला चौपट पॉवर लागते, हे विकणाऱ्याच्या गावीही नसतं. खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचे, फुगवलेले आकडे. आरएमएस, म्हणजे सतत चालणारी खरी पॉवर, शोधायला भिंग हवं. डेमो कायम हळू आवाजात. वाढवा म्हटलं की "शेजारचे दुकानदार ओरडतात." मग मारामारीच्या सीनला संवाद चिरकतात की नाही, हे मी घोडबंदरच्या फ्लॅटवर नेऊन बघायचं? (तिथे तर सोसायटीच ओरडेल.) स्पीकरला पॉवर देणारा छोटा अ‍ॅम्प ताणला की क्लिपिंग होतं, म्हणजे आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आणि आधी ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) जातो. आणि ते म्हणे वॉरंटीत बसत नाही!