पंधरा दिवसांचे बाप

रविवारी संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर महाविद्यालयात शिकवणारी माधवी सर्वांच्या आधी येऊन बसली होती. याचा अर्थ तिची सव्वादोन वर्षांची मुलगी घरी नवऱ्याच्या ताब्यात होती, हे कोणी न सांगताही सर्वांना कळले. विलासने मात्र चहा येण्याआधीच तोंड उघडले. "काय बाई, आज निवांत? तुमचे बरे आहे, आठवड्याला सोळा तास शिकवायचे आणि उरलेला वेळ लेकीबरोबर खेळायचे." विलास बँकेत अधिकारी आहे, आणि या देशात खरे काम फक्त मार्चअखेरीस आणि फक्त त्याच्याच शाखेत होते, असे त्याचे प्रामाणिक मत आहे.

"सोळा तास वर्गातले," माधवी म्हणाली. "विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ज्या २०१८ च्या नियमावलीत ते सोळा तास लिहिले आहेत, तिच्यातच आठवड्याला चाळीस तासांचा कार्यभारही लिहिला आहे, तेवढी ओळ तुम्हा लोकांना कधी दिसत नाही. शिवाय महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी भरायचे नॅकचे तक्ते, संशोधक विद्यार्थ्यांनी रात्री साडेअकराला धाडलेली प्रबंधाची प्रकरणे आणि पदोन्नतीसाठी लिहायचे शोधनिबंध हे सारे त्या चाळिसात कुठे बसवायचे, ते तू मला सांग. तू शाखेतून निघालास की सुटलास. माझे काम माझ्या मागोमाग घरी येते."

परवाचा किस्सा तिने मग स्वतःच सांगितला. चाचणीच्या वह्या पलंगावर पसरून ती डाळीला फोडणी द्यायला आत गेली, तेवढ्यात लेकीने लाल पेन उचलून एका वहीच्या पानभर भलामोठा गोल काढला. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी रडवेल्या चेहऱ्याने विभागात आला आणि म्हणाला, "मॅडम, शून्य देण्याइतके वाईट लिहिले होते का?"

हसणे ओसरल्यावर मी हिमाचलमधल्या त्या भूगोलाच्या प्राध्यापिकेचा विषय काढला. आजारी मुलासाठी बालसंगोपन रजा मिळावी म्हणून तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते, आणि स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही कोणी द्यायची सवलत नव्हे, हे न्यायालयाला २०२४ साली सांगावे लागले. विलास लगेच म्हणाला, "आपल्याकडे तो प्रश्नच नाही. केंद्रात ७३० दिवस असतील, पण आपले सरकारसुद्धा १८० दिवस देते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत कधीही घ्या! आणखी काय पाहिजे?"

"वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने," माधवीने दुरुस्ती केली. "आणि अर्ज दिला की 'नाही' असे कोणीच म्हणत नाही, फक्त मान वाकडी करून विचारतात, मॅडम, मग तुमचे तास कोणी घ्यायचे? पण तो शासन निर्णय तू पूर्ण वाच. पुरुषालाही ती रजा आहे. फक्त त्याची बायको हयात नसावी लागते, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी लागते. धडधाकट बायको असलेल्या बापाने मूल सांभाळायचे असते, हे सरकारला अजून सुचलेले नाही, आणि तुला तरी कुठे सुचले आहे?"

संजय इतका वेळ कपातल्या सायीकडे पाहत होता. तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि त्याच्यासमोर रजेचा विषय निघाला की आम्हा सर्वांनाच उगीच अपराधी वाटते. "तुम्ही रजा किती दिवसांची यावर भांडता," तो म्हणाला. "आमचा तास बुडाला की त्याचे पैसे बुडाले. गेल्या महिन्यात पोराला एकशे तीन ताप होता, तरी मी दोन तास घेऊन आलो. वर्गात संपूर्ण वेळ मी फळ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहत होतो, कारण सहाला औषधाचा डोस होता." यावर कोणी काही बोलले नाही, बोलण्यासारखे नव्हतेच.

ती शांतता विलासला सोसली नाही. "मीसुद्धा मुलाच्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्व रजा घेतली होती," त्याने छाती फुगवून जाहीर केले.

"घेतली होतीस," माधवी म्हणाली, "आणि त्यातले तीन दिवस हरिश्चंद्रगडावर काढलेस. तुझ्या बायकोने ते मला बारशाच्याच दिवशी सांगितले होते. एम.ए.ला माझ्या टिपणांची वही नेलीस, तीही अशीच 'दोन दिवसांसाठी' नेली होतीस, ती अजून यायची आहे." मी चहाच्या कपात नाक खुपसले, कारण गडावरच्या त्या तंबूत विलासच्या शेजारी मीच झोपलो होतो.

एवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी झोपायला तयार नव्हती. ससा हवा म्हणून तिने घर डोक्यावर घेतले होते. माधवीने घाईघाईने पिशवी उलटी केली, तर अभ्यास मंडळाच्या बैठकीचे कागद, वर्गाची हजेरी, अर्धे खाल्लेले बिस्किट आणि सर्वांत तळाशी एका कानाचा कापडी ससा निघाला.

"विलास, तुझी स्कूटर दारातच आहे," संजय म्हणाला. "तुला आत्तापासून वीस मिनिटांची बालसंगोपन रजा मंजूर केली आहे." विलासने पेट्रोलच्या भावाबद्दल काहीतरी पुटपुटत किक मारली. ससा शर्टाच्या खिशात पूर्ण मावत नव्हता, त्यामुळे तो एक कान बाहेर काढून कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत आमच्याकडेच बघत गेला.