चौकशी येण्यापूर्वी घर कसे ठेवावे

मूल घरी नीट वाढते आहे की त्याला तेथून काढावे, हे ठरवायला सरकारी चौकशी कधीही दारात येऊ शकते. आपल्या घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या अंघोळीकडे आपण आजवर पुराव्याच्या दृष्टीने पाहिलेले नसणार. ही चूक वेळीच सुधारावी. सातारा-सांगलीकडची आजी दीड महिन्याच्या नातवाला कसे न्हाऊ घालते, ते एकदा तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी पाहावे. ती पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घालते, तेल जिरवताना त्याचा उजवा हात डाव्या पायाला भिडवते, कढत पाण्याचे तांबे पाठीवर ओतते, नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीत धरून ओढते, आणि बाळाने जितका टाहो फोडावा तितकी त्याची छाती मोकळी झाली असे मानून समाधान पावते. हा टाहो चार घरे ऐकू जातो. त्या चारांपैकी एका घराशी आपला बांधावरून वाद चालू असेल, तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही फुकट लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

बाळाच्या कमरेखाली निळसर-करडा डाग असेल, तर तो आजीला कौतुकाने दाखवण्याआधी दवाखान्याच्या कागदावर लिहून घ्यावा. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना तो जन्मतःच असतो आणि काही वर्षांत आपोआप विरतो. पण माराचा वण म्हणून तो वाचला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय लेखनात आहेत. ज्या डागाला आपण लासे म्हणून हसतो, त्याच्या निर्दोषत्वाचा दाखला जन्माच्या दाखल्याबरोबरच काढून ठेवलेला बरा.

यानंतर घरातली भाषा शुद्ध करून घ्यावी. कोरेगाव किंवा वाळवा तालुक्यातली आई पोराला ‘मुडदा बशिवला तुझा’ असे म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा ती त्याला जेवायला बोलावत असते, हे आपल्याला कळते. कागदाला कळत नाही. ‘तंगडं मोडून हातात देईन’ हे वाक्य प्रमाण मराठीत उतरवले की ‘आईकडून पाय मोडण्याची धमकी’ असे भारदस्त होते. मुलांचीही तयारी करून घ्यावी. ‘आई मारते का?’ असे परक्या माणसाने विचारले, की सात वर्षांचे पोर फुशारकीने ‘लय मारती!’ म्हणून सांगते, कारण कोणाची आई जास्त मारते ही वर्गात प्रतिष्ठेची बाब असते. (खरोखर मार खाणारे पोर या प्रश्नाला बहुधा गप्प बसते आणि अंगठ्याने जमीन उकरते, पण ते गप्प बसणे समजून घ्यायचे, तर पुन्हा दोन-तीनदा यावे लागते.)

कायद्याची मात्र धास्ती घेऊ नये. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ कोणी उघडून वाचलाच, तर तो आपल्याच बाजूने बोलतो असे आढळेल. त्याच्या कलम ३ मध्ये सोळा तत्त्वे आहेत. संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतरचा अगदी शेवटचा उपाय, ही त्यांतलीच दोन. पहिलेच तत्त्व निर्दोषत्व गृहीत धरण्याचे आहे, परंतु ते बालकापुरते आहे. आईबापांनी त्यात आपले नाव शोधत बसू नये. मुलाने कोठे राहावे हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ताब्यात घेतलेले मूल २४ तासांत तिच्यापुढे हजर करायचे, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची आणि चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे वेळापत्रक आहे. गृहचौकशी म्हणजे गृहात जाऊन करायची चौकशी, असा शब्दशः अर्थ नवखा माणूस घेतो. मुरलेला माणूस मागच्या प्रकरणाचा अहवाल काढतो, नावे बदलतो आणि ‘कौटुंबिक वातावरण असमाधानकारक’ हे शब्द तसेच ठेवतो.

आपल्या हातून होण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गरीब असू नये. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कृष्णाकाठी आलेल्या ऊसतोड जोडप्याला हे समजत नाही. ही माणसे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या काळोखात फडात उतरतात, दोन बांबूंना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत धाकटे निजवतात, आठ वर्षांच्या थोरलीला त्याच्यापाशी बसवतात, आणि संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशांत मीठ-मिरची भागवतात. आता एखादा सद्‌भावी अधिकारी रस्त्यावरून जाताना ती झोळी पाहतो. घर नाही, शाळा नाही, जवळ मोठे माणूस नाही. कायद्याची व्याख्या घर नसलेल्या आणि उदरनिर्वाहाचे उघड साधन नसलेल्या बालकाविषयी बोलते, आणि येथे तर साधन हातभर लांब कोयत्याच्या रूपाने शंभर पावलांवर सपासप चालू असते. पण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ‘आणि’ सहज निसटतो. मूल काढून घेण्याचे एकमेव कारण गरिबी असू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये मान्य केले आहे, पण आमसभा फडापासून बरीच लांब भरते. शिवाय चौकशीचे चार महिने आणि गळीत हंगाम यांचे माप जवळजवळ सारखेच आहे. मूल थंडीत ताब्यात गेले, तर निर्णय होईपर्यंत पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असतो आणि टोळीचा ट्रॅक्टर मराठवाड्याच्या वाटेला लागलेला असतो.

तसेच, आईबापांनी मुलापासून दूर राहू नये. पाटण-जावळीची कित्येक घरे वडिलांच्या मुंबईतल्या माथाडी कामावर आणि आजीच्या चुलीवर चालली, विटा-आटपाडीकडची मंडळी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी परमुलखात गेली आणि मुले आजोळी वाढली. या सगळ्याला आजवर आपण संसार म्हणत आलो. तपासणीच्या भाषेत त्याला ‘पालकांची दीर्घकालीन अनुपस्थिती’ म्हणावे. देवराष्ट्रे गावी १९१३ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचा अहवाल त्या काळी कोणी लिहिला असता तर कसा झाला असता, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. वडील लहानपणीच वारलेले, आई विठाबाई निरक्षर, उत्पन्न अपुरे, कऱ्हाडात कसेबसे बिऱ्हाड, सबब बालकाच्या हितासाठी अन्यत्र व्यवस्था इष्ट. सुदैवाने तो नमुना तेव्हा छापलेला नव्हता, आणि यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

उलट, आपला बंगला असेल, त्याला उंच कुंपण असेल आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असेल, तर येथवरचा लेख आपण वाचला नाही तरी चालेल. बंद काचांआड पट्ट्याने मार खाणाऱ्या मुलाचा आवाज चार घरे जात नाही. त्या मुलासाठी जो दिवस हवा होता, तो एका झोळीच्या चौकशीत खर्ची पडलेला असतो, आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात त्या दिवसाचे काम पूर्ण झालेले दिसते.

एवढे कळूनही काही उत्साही मंडळी सुधारणा मागतात. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवा पण तक्रार खरी की खोटी याची नोंद करा, अहवाल समितीपुढे जाण्याआधी तो आईबापांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे त्यालाच जोडा, डाग किंवा मोडलेले हाड दिसले तर बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, आणि अडचण पैशाची असेल तर मूल उचलण्याआधी पैसे द्या, असे त्यांचे सांगणे असते. आपण त्यांच्या नादी लागू नये. एकल किंवा अडचणीतल्या पालकांची मुले घरीच राहावीत म्हणून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, हे त्यांनी फडावर जाऊन सांगितले, तर कित्येक फायली उघडण्याआधीच मिटतील आणि तक्त्यात भरायला काही उरणार नाही. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते, हेही कोणाला मोठ्याने सांगू नये. आईबापांना ते कळण्याची उत्तम वेळ म्हणजे एकतिसावा दिवस.

एक शेवटची सूचना मात्र त्या जोडप्यासाठी आहे. मूल परत मागायला याल तेव्हा रहिवासाचा पुरावा बरोबर आणावा. मतदार यादीतले नाव बीडकडचे असते, मूल घेतले ते सांगलीकडच्या कोपीतून (झोपडीतून), त्यामुळे स्थळपाहणी झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, असे टेबलामागचा माणूस अगदी सौजन्याने सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो. पाहणीची तारीख एप्रिलमधली मिळते. त्या दिवशी ठरल्या वेळी गाडी येते, बांधाशी थांबते. कोपीच्या जागी नांगरट झालेली असते, आणि अहवालात तसे लिहिले जाते.