बघायच्या आधीच नावं ठेवणाऱ्यांनो

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहायला बसलोय.

दुपारी पाहुणे होते. जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, मामा, काहीतरी चांगलं लावा. मी 'घटश्राद्ध' लावला. गिरीश कासारवल्लींचा पहिला सिनेमा, १९७७ चा. पाट्या संपतात न संपतात तोच सुरू झालं, "मामा, काळा-पांढरा? आणि वर कन्नड?" रिमोट हातातून गेला आणि पडद्यावर गाड्या उडायला लागल्या. पोराला एकट्याला काय बोलायचं, शेजारी बसलेले मोठेही हसलेच.

अरे, जित्याजागत्या बाईचं, यमुनेचं, श्राद्ध घालतात हो त्यात! आणि ते आपण पाठशाळेतल्या एका लहान पोराच्या डोळ्यांनी बघतो. रंगीत असता तर कर्नाटकातल्या मलनाडची हिरवाई बघत बसलो असतो. इथं त्या यमुनेच्या चेहऱ्यावरून नजर हटवायला जागाच ठेवलेली नाही.

आमचे आप्पा बेळगावच्या वडगावात मागावर बसायचे. शाळा जेमतेम. पण हप्ता मिळाला की थिएटर ठरलेलं. राजकुमारचा कन्नड असो, दादा कोंडके असोत, नाहीतर चिनी मारामारीचा असो. मी विचारायचो, आप्पा, तुम्हाला कळतंय काय तरी? तर म्हणायचे, "भाषेचं काय घिऊन बसलास, डोळे हैत न्हवं?" परत येताना वाटभर सांगत यायचे, तो गडी पाय कुठं टाकत होता, दिव्याचा उजेड कुठनं येत होता. दिवसभर सुताचे रंग बघणारा माणूस तो, त्याला उजेड बरोबर दिसायचा.

सीमाप्रश्नावर मी कुठं उभा आहे ते तुम्हाला सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी असतोच, यंदाही असणार. पण त्याचा राग कासारवल्लींवर काढायचा? 'कागज के फूल'मध्ये अंधाऱ्या स्टुडिओत वरून उजेडाचा झोत उतरतो ना, तो व्ही. के. मूर्तींचा, म्हैसूरच्या माणसाचा. आरसे लावून बाहेरचं ऊन आत आणलं होतं त्यांनी. १९५९ साली, भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या, चित्रपटात. आप्पांना कॅमेरामनचं नाव ठाऊक नव्हतं, पण ते ऊन मात्र आयुष्यभर लक्षात राहिलं त्यांच्या.

संथ सिनेमांत काही नुसतेच कंटाळवाणे असतात, हे मान्य. पुढे.

आता दुसऱ्या बाजूची मंडळी. त्यांचा मला जास्त राग येतो, कारण ते शिकलेले आहेत. मारधाडीचा सिनेमा म्हटलं की यांचं नाक मुरडलेलंच. मध्ये एका स्नेह्याला 'माय नेबर टोटोरो' बघा म्हणालो, तर म्हणे, "या वयात कार्टून?" हायाओ मियाझाकींचा १९८८ चा सिनेमा आहे तो, हातानं काढलेला. आई दवाखान्यात, दोन बहिणी भर पावसात बसथांब्यावर बाबांची वाट बघतायत, धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपून गेलीय. फार काही घडतच नाही. पाऊस पडतो, थेंब गळतात, बस येत नाही. खानापूरकडच्या पावसात एसटीची वाट बघितलेल्या माणसाला हे कळू नये?

आप्पांनी असला भेद कधी केला नाही. मारामारी बघायला गेले की मारामारी कशी केलीय ते बघायचे, रडवणारा असला की खुशाल रडायचे. कोंडक्यांच्या सिनेमात 'कोर्ट'सारखा स्थिर कॅमेरा शोधायचा नाही आणि 'कोर्ट'मध्ये टाळ्यांची वाक्यं शोधायची नाहीत. चैतन्य ताम्हाणेंनी तो कॅमेरा लांब, गप्प ठेवलाय तो मुद्दाम. त्या न्यायालयातलं ताटकळणं आपल्याही अंगावर यावं म्हणून.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. पोरांना कुणी शेजारी बसवून दाखवलंच नाही, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. मला आप्पा होते.

तर येत्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे 'संत तुकाराम' लावतोय. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. एकीकडे वैकुंठाहून आलेलं विमान आणि दुसरीकडे संसारानं पिचलेली, विठोबालाच शिव्या घालणारी आवली. चमत्कार आणि चूल एकाच सिनेमात, आणि दोन्ही खरे वाटतात. विमानाची युक्ती आज कुणालाही ओळखता येईल, तरी बघा. त्यानंतर थोडं थांबून टोटोरो. माणसं जास्त झाली तर सतरंजी माडीवर टाकू. येणाऱ्यांनी खाली लिहा, म्हणजे दूध किती सांगायचं ते कळेल.