मधमाशीला टोकं लपवावी लागत नाहीत

पिवळे, मोहरी आणि चॉकलेटी रंगाचे क्रोशाचे षटकोन, एकमेकांना बिलगलेले, कडेला वाफाळता चहा. असा फोटो फोनवर दिसला की माणूस तासाभरात लोकरीच्या दुकानात असतो. दुकानदार विचारतो, "किती गुंडे देऊ?" आपण म्हणतो, "द्या चार-पाच." चार-पाच हा विणकामातला सर्वात लोकप्रिय आकडा आहे. तो आजवर कशालाही पुरलेला नाही.

मधमाशीकडे असला अंदाजपंचे कारभार चालत नाही, कारण तिचा माल महाग आहे. एक किलो मेण पाडायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा हिशोब सांगतात. शिवाय ते मेण तिच्याच पोटाखालच्या ग्रंथींतून येतं, दुकानातून नाही. म्हणून एक भिंत दोन घरांना वापरायची, हा तिचा नेम. सारख्या क्षेत्रफळाच्या खोल्या कमीत कमी भिंतीत बसवायच्या तर षटकोनच हवा, हे थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ मध्ये सिद्ध केलं.

आता गोम अशी, की ही सगळी बचत भिंत सामाईक असेल तरच. क्रोशाच्या प्रत्येक षटकोनाला स्वतःच्या सहा भिंती असतात आणि शेजाऱ्याला त्याच्या सहा. म्हणजे सोसायटीत प्रत्येक फ्लॅटवाल्याने आपापली भिंत बांधायची आणि मग दोन भिंती एकमेकींना चिकटवायला गवंडी बोलवायचा. माशीचा आकार आपण घेतला, काटकसर पोळ्यातच राहिली.

हिशोब मांडूनच बघू. १ मीटर रुंदीचं पांघरूण धरा. षटकोन समोरासमोरच्या बाजूंत १० सेंटीमीटर, म्हणजे एका ओळीत १०. ओळी १२. भोळा माणूस १२ गुणिले १० करून लांबी १२० सेंटीमीटर धरतो. पण षटकोनांच्या ओळी एकमेकींत दात रुतवून बसतात. पहिली ओळ टोकापासून टोकापर्यंत साडेअकरा सेंटीमीटर घेते आणि पुढची प्रत्येक फक्त ८.६६. बारा ओळींचे होतात १०७. तेरा सेंटीमीटर हवेत गेले, म्हणजे पांघरुणाबाहेर पाय.

ओळी एकाआड एक १० आणि ९ तुकड्यांच्या येतात. एकूण ११४ तुकडे, आणि बाजू सरळ हव्या असतील तर १२ अर्धे. पुरे तुकडे एकमेकांना जिथे भिडतात अशा बाजू बरोब्बर ३००. प्रत्येक बाजू ५.८ सेंटीमीटर, म्हणजे सतरा मीटरच्या वर शिवण. दोन नऊवारी साड्या एकापुढे एक पसरल्या तरी उरेल इतकी.

पण आधी एक तुकडा. मोहोळ उठून फांदीला लटकलं की शोधकरी माशा नवी जागा बघून येतात आणि नाचून पत्ता सांगतात. बाकीच्या शोधकरी नुसत्या नाचाला भुलत नाहीत. स्वतः जाऊन जागा बघतात, पटली तरच त्याही नाचतात. आपण मात्र फोटोचा नाच बघूनच घर बदलतो. नमुन्याचा एक तुकडा विणणे हे शोधकरी माशीचं काम आहे, आणि ते टाळण्यासाठी लोक जितका युक्तिवाद करतात तेवढ्या वेळात तीन नमुने विणून होतात.

कृती अशी. मध्यम जाडीचा धागा, ४ मिलिमीटरची सुई. पाच साखळ्यांचं कडं. पहिल्या फेरीत १२ खांब (खांब म्हणजे सुईवर धागा एकदा गुंडाळून काढलेला उंच टाका), दर दोन खांबांनंतर एक साखळी. ती साखळी म्हणजे कोपरा. पुढच्या प्रत्येक फेरीत खांबावर खांब, आणि कोपऱ्याच्या साखळीत खांब, साखळी, खांब. फेरीतला पहिला खांब तीन साखळ्यांचा. चार फेऱ्यांत खांबांची संख्या १२, २४, ३६, ४८ अशी चढते. एखादा कोपरा विसरलात तर पंचकोन होतो, आणि तो टेबलावर पसरत नाही. त्याची वाटी होते. सातवा पडला तर झालर. वाटी टाचण्या ठेवायला बरी पडते. झालरीचा उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही.

तुकडा धुवा, वाळवा, मगच मोजा, कारण सुती धागा पहिल्या पाण्यात आटतो. ॲक्रिलिक आटत नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरली की धाग्यातला जीव जातो आणि तुकडा ओल्या पापडासारखा लोळतो. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. समजा ७ ग्रॅम भरलं. ११४ तुकड्यांचे ७९८, अर्ध्यांचे अंदाजे ५०, वर दहा टक्के. साडेनऊशे ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे शंभर ग्रॅमचे दहा गुंडे. दुकानात म्हणालो होतो, "चार-पाच."

दोन रंग असतील तर निम्मे-निम्मे घेऊ नका. एका तुकड्यात १२० खांब. त्यातले ४८ एकट्या शेवटच्या फेरीचे. म्हणजे ४० टक्के लोकर तीच फेरी खाते, आणि जोडायची लोकर धरली तर आणखी. दर फेरीला रंग बदलणारे शेवटचा रंग नेहमी कमी आणतात. मग परत दुकानात जातात, तिथे त्याच रंगाचा पण दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, गुंडा मिळतो, आणि दिव्याखाली जुळलेला रंग सकाळच्या उन्हात वेगळा निघतो. जांभळाचा मध आणि कारवीचा मध सारखा दिसत नाही, त्यावर कोणी तक्रार करत नाही. पांघरुणावर मात्र सासूबाई करतात. दोन लॉट झालेच तर नव्याचे तुकडे जुन्यांत विखरून लावा, एका कोपऱ्यात गोळा करू नका.

मापही सरकतं. सकाळी घट्ट, रात्री मालिका बघताना सैल. पहिल्या महिन्यातले तुकडे साडेनऊ सेंटीमीटर, तिसऱ्यातले साडेदहा. इथे माशीची कड घ्यायला हवी: कामकरी माश्यांची घरं लहान, नरांची मोठी, आणि दोन्ही मापं भेटतात तिथे तिचेही षटकोन वेडेवाकडे होतात. ती जागा भरून पुढे जाते. आपण थर्मोकोलवर १० सेंटीमीटरचा षटकोन आखावा, सहा टाचण्या टोचाव्यात, ओला तुकडा ताणून त्यावर वाळवावा. फरक फारच असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बदलावी. स्वभाव बदलायच्या फंदात पडू नये.

शिवणीवर एक उपाय आहे, आणि पोळ्याच्या जवळ जाणारा तोच एक. पहिला तुकडा पुरा करा, पुढचा प्रत्येक तीन फेऱ्यांवर थांबवा. चौथी फेरी घालताना, शेजाऱ्याला लागणाऱ्या बाजूवर आलात की फंद्यातून सुई काढा, ती शेजाऱ्याच्या समोरच्या खांबातून घाला, फंदा ओढून घ्या आणि पुढचा खांब काढा. खांबागणिक हेच. कोपऱ्यात तीन तुकडे भेटतात. तिसरा दोघांनाही अडकवला नाही तर तिथे भोक राहतं, आणि बाळाचा अंगठा नेमका त्यातच जातो.

सतरा मीटरची शिवण वाचली. टोकं वाचत नाहीत. एका रंगाच्या तुकड्याला सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक, म्हणजे २२८. दोन रंगांना ४५६. माशीचं मेण मेणात मिसळून जातं, आपला धागा मिशा काढून बसतो. प्रत्येक टोक किमान १५ सेंटीमीटर ठेवा आणि बोथट सुईने एका दिशेला नेऊन उलट्या दिशेला परत आणा. एकाच दिशेने नेलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर डोकावतं. आणि हे त्या त्या तुकड्यालाच उरका. कामकरी माशीचं जन्मल्यानंतरचं पहिलं काम घरं साफ करणं असतं. आपल्याकडे साफसफाई "शेवटी एकदम" करायची असते. ४५६ टोकांचं "एकदम" सहसा उजाडत नाही.

दोन सुयांवर विणणाऱ्यांनी हसू नये. स्वेटरवरची पोळ्याची वीण आठ टाक्यांची असते: चार टाके मागून, चार पुढून ओलांडायचे, चार ओळींनी उलट क्रमाने. ओलांडलेले टाके एकमेकांवर चढतात, त्यामुळे कापड आकसतं. साध्या विणीच्या मापाने टाके घातले तर नवऱ्यासाठी सुरू केलेला स्वेटर पुतण्याला होतो.

शेवटी अर्धवट कामांचा प्रश्न. वसाहत दुबळी झाली आणि पोळी जास्त झाली, की माशांनी न झाकलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. कपाटातल्या पिशवीत अर्ध्या स्वेटरला कसर लागते, तोच न्याय. ॲक्रिलिकला मात्र कसरसुद्धा तोंड लावत नाही. आपल्याकडची सातेरी माशी तर जास्त त्रास झाला की पेटी सोडून निघून जाते. विणणारीही जाते, नव्या फोटोकडे. म्हणून मी ओळींच्या बाजूची नाही, वेढ्यांच्या बाजूची आहे. मध्ये एक तुकडा, भोवती ६, मग १२, मग १८. कुठल्याही वेढ्यावर थांबलं तरी काम पुरं दिसतं. तीन वेढ्यांना ३७ तुकडे आणि ७० सेंटीमीटर रुंदी होते, जी टीपॉयला चालते. वर फुलदाणी ठेवली की खालची टोकं कोणी मोजत नाही.