स्प्रिंकलर चालला, मग धूर कुठे गेला?

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला लागलेली आग विझायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला. शेजारच्या इमारतीतल्या सुमारे ३,५०० रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा आगीनंतर मुंबईत पहिला प्रश्न येतो, स्प्रिंकलर चालू होते का? प्रश्न रास्तच आहे, पण अर्धा आहे. मेलबर्नमध्ये अग्निसुरक्षेचं काम करताना मला उरलेला अर्धा जास्त छळतो.

समजा, तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानात आग लागली. साधारण ६८ अंशांना स्प्रिंकलरची काचेची कुपी फुटते, पाणी पडतं, आग आटोक्यात राहते. धूर मात्र निघतच राहतो. पाण्याने तो गार होतो, वर चढण्याचा त्याचा जोर ओसरतो. दुकानातून मधल्या मोकळ्या चौकात आला की चढताना भोवतालची हवा ओढून घेत तो आणखी फुगतो आणि आणखी निवतो. वर काचेचं छप्पर आणि मे महिन्याचं ऊन असेल, तर छपराखालची हवा या धुराहून गरम असते. मग धूर मधल्याच एखाद्या मजल्याच्या उंचीला अडतो आणि लोक उभे असतात त्या सज्जांमध्ये पसरतो. छताला लावलेल्या, धूर ओळखून इशारा देणाऱ्या डिटेक्टरपर्यंत तो पोचतच नाही! म्हणून मधल्या उंचीवरही डिटेक्टर हवेत, आणि धूर खेचणाऱ्या पंख्यांना खालून ताजी हवा मिळायला हवी.

ऑस्ट्रेलियात याची चाचणी घेण्याचं १९९९ पासूनचं मानक आहे. ट्रेमध्ये स्पिरिट पेटवतात, त्या गरम झोतात निरुपद्रवी धूर सोडतात आणि तो खरोखर कुठे जातो ते पाहतात. इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बाहेरच्या भिंतींवर ज्वलनशील आवरण असलेल्या इमारती आम्ही उभ्या राहू दिल्या, २०१४ मध्ये मेलबर्नमधला लॅक्रॉस हा निवासी टॉवर पेटला तेव्हा त्याची चर्चा सुरू झाली.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे, दर जानेवारी-जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. असा मधला मोकळा चौक असलेल्या मॉलसाठी त्याआधी, मॉल उघडण्यापूर्वीच, धुराची अशी चाचणी सक्तीची करावी. दिवाळीत त्याच चौकात कापडी मंडप आणि स्टॉल लागतात, आणि इतक्या उंच छताचा स्प्रिंकलर खालच्या आगीला वेळेवर फुटेलच असं नाही. तेव्हा स्टॉलना परवानगी देतानाही धुराचा हिशोब नव्याने मांडायला लावावा.