तिकीट नसलं तरी सेव्हियाच्या मिरवणुका दिसतात

‘ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात स्पेनमधल्या सेव्हियाला जाऊन उपयोग नाही, तिकिटाशिवाय येशू-मेरीच्या मूर्तींची मिरवणूक दिसत नाही. शिवाय मिरवणुकीतले टोकदार टोप्यांतले लोक कू क्लक्स क्लान या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेचे असतात,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पैसे पडतात ते कांपाना चौकापासून कॅथेड्रलपर्यंतच्या अधिकृत मार्गावरच्या खुर्च्यांचे. पण प्रत्येक मिरवणूक आपापल्या चर्चमधून निघते आणि कित्येक तासांनी तिथेच परतते. बाकीच्या गल्ल्यांत कुणीही फुकट उभं राहावं. मला तर खुर्चीपेक्षा नदीवरचा त्रियानाचा पूलच बरा वाटतो.

टोपीचं नाव कापिरोते. ती प्रायश्चित्ताची खूण, आणि चेहरा झाकायचा तो प्रायश्चित्त घेणारा कोण हे कळू नये म्हणून. ही प्रथा अमेरिकेत १८६५ साली निघालेल्या क्लानच्या कितीतरी आधीची. याच टोपीवाल्यांपुढे लहान मुलं मेणाचा गोळा धरतात, ते वाकून मेणबत्ती तिरकी करतात, थेंब पडतात आणि गोळा वर्षागणिक मोठा होत जातो.

गर्दीचं म्हणाल तर ते खरंच आहे. गुरुवारच्या रात्री, म्हणजे ‘मद्रुगा’ला, मिरवणूक आडवी आली की समोर दिसणाऱ्या हॉटेलातही लवकर पोचता येत नाही. आणि पाऊस आला तर मिरवणूक सहसा निघतच नाही. हुआन दे मेसाने १६२० साली घडवलेली ‘ग्रान पोदेर’ ही येशूची लाकडी मूर्ती कोण भिजवेल?