नोटेवरचा गणपती आणि त्याच्या शेजारचा माणूस

गणेशोत्सव जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला. मजकूर साधारण असा: 'इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा मुस्लिम देश. तरी त्यांच्या वीस हजारांच्या नोटेवर आजही गणपती आहे. तो छापला आणि त्यांची बुडालेली अर्थव्यवस्था सावरली. ते लोक म्हणतात, आम्ही धर्म बदलला, पूर्वज नाही. म्हणून तिथे धर्मावरून भांडणं होत नाहीत आणि हिंदू सुखात आहेत.' ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी आपल्या नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा म्हणताना इंडोनेशियाचाच दाखला दिला होता. त्यामुळे या मेसेजला जरा वजनही आलंय.

मामांना चारचौघांत उलट बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

'आजही' या शब्दापासूनच सुरुवात करू. नोट खरी आहे, माझ्याकडे एक आहे. हिरवट रंगाची, १९९८ सालची. तिच्यावर गणपती आहे, पण मोठा चेहरा त्याचा नाही, तो 'की हाजार देवांतारा' नावाच्या माणसाचा आहे. मागच्या बाजूला वर्गात बसलेली मुलं. ही नोट ३१ डिसेंबर २००८ ला चलनातून बाद झाली. पुढची दहा वर्षं तिथली मध्यवर्ती बँक ती बदलून देत होती, आता तेही बंद. आजच्या वीस हजारांच्या नोटेवर साम रातुलांगी आहेत, सुलावेसी बेटाचे पहिले गव्हर्नर आणि धर्माने ख्रिस्ती.

मेसेजमध्ये या देवांतारांचं नावही नसतं, आणि गणपती तिथे का आला हे त्यांच्याशिवाय कळत नाही. मूळ नाव सुवार्दी सुर्यानिंग्राट, योग्यकार्ताच्या राजघराण्यातले. इंडोनेशिया तेव्हा डचांची वसाहत होती. १९१३ मध्ये डच सरकार नेदरलँड्सच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करायला निघालं, आणि त्यासाठी वर्गणी मागायला लागलं गुलाम जावा बेटाकडूनच. 'मी डच असतो तर' अशा मथळ्याचा लेख लिहून सुवार्दींनी त्याची अशी खिल्ली उडवली की त्यांना हद्दपार व्हावं लागलं. परत आल्यावर १९२२ मध्ये त्यांनी 'तामान सिस्वा' ही शाळा काढली. (सिस्वा म्हणजे आपला शिष्यच.) पुढे राजघराण्याचा किताब टाकून साधं नाव घेतलं, आणि स्वतंत्र देशाचे ते पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस, २ मे, हा तिथला राष्ट्रीय शिक्षण दिन आहे. थोडक्यात, ती नोट शिक्षणाची होती आणि गणपती होता विद्येची खूण म्हणून. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हावरही याच अर्थाने गणपती आहे, आणि संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावही गणेश. तिथे शिकणाऱ्या कुणी इंजिनिअरिंगच्या पेपरआधी त्याला नारळ फोडत असेल असं मला वाटत नाही.

'अर्थव्यवस्था सावरली.' हे तर तारखांपुढे टिकतच नाही. १९९७ च्या मध्यावर डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत होते. १९९८ च्या जूनमध्ये तो भाव १६,००० च्या वर गेला. नोट निघाली त्याच वर्षी देशाचं उत्पन्न १३ टक्क्यांहून जास्त आकसलं. मे महिन्यात जाकार्तात दंगली पेटल्या, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं आणि घरं जाळली गेली, आणि २१ मे रोजी बत्तीस वर्षं सत्तेवर असलेल्या सुहार्तोंनी राजीनामा दिला. उलट गणपतीची नोट बाद झाल्यानंतरच्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, जग मंदीत असताना इंडोनेशिया चार टक्क्यांच्या वर वाढत होता. यावरून कुणी गणपती काढल्यामुळे भरभराट झाली म्हणालं, तर मामा त्याला वेड्यात काढतील. मग उलट्या बाजूचं तेच तर्कट कसं चालतं?

त्या काळच्या नोटांमधला खरा बदल पाहायचा तर पन्नास हजारांची बघा. तिच्यावर हसरे सुहार्तो होते, हयात असताना आणि पदावर असताना. १९९९ च्या नव्या नोटेवर त्यांच्या जागी राष्ट्रगीतकार सुप्रातमान आले.

आता ते आवडतं वाक्य, 'धर्म बदलला, पूर्वज नाही'. ते कधी इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकर्णो यांच्या तोंडी घालतात, कधी कुणा टॅक्सीवाल्याच्या. गंमत अशी की तिकडेही सुकर्णोंच्या नावावर एक वाक्य फिरतं: हिंदू असाल तर भारतीय होऊ नका, मुसलमान असाल तर अरब होऊ नका. तो अर्धा भाग आपल्याकडच्या मेसेजमध्ये कधी येत नाही.

आणि पूर्वजांचं त्यांनी जसंच्या तसं जपलंय असंही नाही. वायांग म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, रात्रभर चालणारा. त्यातलं महाभारत आपल्या आजीला ऐकवलं तर ती दोनदा थांबवेल. जावाच्या कथेत द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. शिखंडी म्हणजे स्रिकांडी, ही सरळ बाई आणि अर्जुनाची पत्नी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये महिला तिरंदाजांनी देशाला पहिलं पदक, रौप्य, मिळवून दिलं, तेव्हा त्यांना स्रिकांडीच म्हटलं गेलं. सेमार नावाचा ढेरपोट्या विदूषक सेवक असूनही देवांना सुनावतो, तो आपल्या महाभारतात कुठेच नाही. युधिष्ठिराकडे 'कालिमासादा' नावाचं दिव्य अस्त्र असतं, आणि कित्येक जावानी मुसलमान त्याचा अर्थ कलमा-शहादत, म्हणजे इस्लामवरची श्रद्धा जाहीर करणारं वाक्य, असा लावतात. धर्मराजाच्या हाती कलमा! आपण तिथे विसरलेलं सामान नाही हे. त्यांनी ते वापरून वापरून आपलं करून घेतलंय.

भाषेचंही तेच. रमजानच्या उपासाला ते 'पुआसा' म्हणतात, म्हणजे उपवास. 'पेंदेता' हा शब्द आला पंडितावरून, पण तो असतो प्रोटेस्टंट पाद्री. त्यांचं पंचशील म्हणजे देशाच्या पायाची पाच तत्त्वं, त्यातलं दुसरं तत्त्व न्याय्य आणि सुसंस्कृत माणुसकीचं. त्यात 'मानुसिया' संस्कृत, तर 'आदिल' आणि 'आदाब' अरबी. जनतेला ते 'राक्यात' म्हणतात, आपली रयतच ती. खुर्चीला 'कुर्सी'.

बरं, चालीरीती न बदलता राहिल्या म्हणावं तर तेही नाही. ऐंशीच्या दशकात सरकारी शाळांत जिल्बाब, म्हणजे डोक्याचं वस्त्र, घालू देत नसत. १९९१ मध्ये परवानगी मिळाली. २०२१ मध्ये पाडांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीला तो घालायला सांगितल्यावरून देशभर वाद झाला. सरकारने सक्तीला बंदी घालणारा आदेश काढला, आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. चाळीस वर्षांत नियम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

'धर्मावरून भांडणं नाहीत.' भांडण देशाच्या जन्माआधीचं आहे. जून १९४५ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात मुसलमानांवर शरियत पाळण्याचं बंधन घालणारे सात शब्द होते. १८ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते गाळले गेले, कारण पूर्वेकडचे ख्रिस्तीबहुल भाग फुटून निघण्याची भीती होती. स्वातंत्र्य चळवळीतले नेते हात्ता यांनी मुस्लिम नेत्यांची समजूत घातली. वाद मिटला नाही, पुढे ढकलला गेला. आचे प्रांतात आज शरियत कायदा आहे, चौकात फटके मारले जातात. जाकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर आहोक यांनी कुराणातल्या एका आयतीचा उल्लेख केला, त्यावरून लाखोंचे मोर्चे निघाले. निवडणूक तर ते हरलेच, शिवाय मे २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची कैद झाली.

आणि हिंदू? देशात पावणेदोन टक्के, बहुतेक बालीत. १९४६ मध्ये धर्म मंत्रालय निघालं, तेव्हा बालीच्या लोकांचा जो काही होता तो या मंत्रालयाच्या लेखी धर्मच नव्हता. एक देव दाखवा, एक ग्रंथ दाखवा, असा हिशेब होता. बालीने अनेक वर्षं खेटे घातले, 'सांग ह्यांग विधी' हा एकच परमेश्वर पुढे ठेवला, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी मान्यता मिळाली. तिथल्या देवळात 'पद्मासन' नावाचं उंच दगडी आसन असतं, त्यावर मूर्ती नसते. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट म्हणून लोकांची कत्तल झाली, त्यात बालीत अंदाजे ८० हजार माणसं मेली. मारणारे आणि मरणारे बहुतांश हिंदूच होते. त्या काळात ज्याच्या नावापुढे धर्म नाही तो कम्युनिस्ट, असा संशय घेतला जाई, म्हणून जावातल्या कित्येकांनी घाईघाईने धर्म निवडला. काही हिंदूही झाले. हे फॉरवर्डमध्ये कसं बसवणार?

खरं तेही सांगतो. राजचिन्ह गरुड आहे, विमान कंपनी गरुड आहे, जाकार्तात भर चौकात कृष्णार्जुनाचा रथ आहे. यातलं काही खोटं नाही, मामा.

ती नोट मला पुण्यात मिळाली, जुनी नाणी विकणाऱ्याकडे. तिथल्या कुठल्याही बँकेत ती आता चालत नाही, इथे मात्र दर्शनी किमतीपेक्षा महाग पडली. प्लास्टिकच्या पाकिटावर पेनने 'गणपती नोट' लिहिलं होतं. मी विचारलं, हे शेजारी कोण? विक्रेत्याने नोट उजेडाकडे धरली, जरा वेळ पाहिली आणि म्हणाला, "असेल कोणीतरी पुढारी."